आपला गावना रेडिओ चालू ठेवायचा असेल तर

रोहिणी नक्षत्रातलं वादळ केळीच्या बागा आडव्या करून गेलं, त्याच रात्री आमच्या रेडिओ केंद्राच्या मनोऱ्यावर वीज पडली. सकाळी ट्रान्समीटर उघडला तर आत जळका वास आणि सर्किटवर बोटाएवढा काळा डाग. दुरुस्तीला सतरा दिवस लागले. पहिले तीन दिवस एकाचाही फोन आला नाही. चौथ्या दिवशी एक आजी काठी टेकत जिना चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, रेडिओ काबर बंद शे?" सकाळचं ओव्यांचं सदर संपलं की त्या शेतात निघायच्या. घरात घड्याळ होतं, पण निघायची वेळ रेडिओ सांगायचा.

ते तीन दिवस मला अजून टोचतात. आम्ही रोज दहा तास बोलत होतो, अनुदान होतं, मनोरा होता, स्टुडिओत एसी होता. आणि बंद पडलो तर तीन दिवस कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. सामुदायिक रेडिओ केंद्रं, म्हणजे गावाने गावासाठी चालवलेली आमच्यासारखी छोटी एफएम केंद्रं, पैशावाचून मरतात असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण पैसा आटतो त्याच्या बऱ्याच आधी केंद्र गावाच्या सवयीतून निघून गेलेलं असतं. त्यानंतर आम्ही जे बदललं ते इथे क्रमाने लिहितो आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुणी असं केंद्र चालवत असेल किंवा काढायच्या विचारात असेल, त्याच्यासाठी.

पहिली पायरी : चौकट नीट समजून घ्या

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतरही सामान्यांच्या हाती रेडिओ यायला वेळ लागला. २००२ च्या धोरणाने फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पहिलं केंद्र बोलू लागलं. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांसाठी दार उघडलं. २००८ साली आजच्या तेलंगणातल्या झहीराबाद परिसरात, माचनूर गावात दलित शेतकरी महिलांनी संघम रेडिओ सुरू केला. शिक्षणसंस्थेच्या आवाराबाहेरचं ते देशातलं पहिलं सामुदायिक केंद्र. त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात, साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माण देशी तरंग वाहिनी उभी राहिली. आज देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रं आहेत. आपल्या खानदेशात जळगावला केसीई सोसायटी या शिक्षणसंस्थेचं रेडिओ मनभावन आहे.

परवानगी एका माणसाला मिळत नाही, राजकीय पक्षाला किंवा त्याच्या संघटनांना मिळत नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही. नोंदणीकृत, ना-नफा संस्था हवी आणि तिच्या स्थानिक कामाची किमान तीन वर्षांची नोंद हवी. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करायचा. पुढे गृह, संरक्षण अशा खात्यांची मंजुरी आणि लहरींचं वाटप, यात बराच काळ जातो. तो काळ वाया घालवू नका. कसा वापरायचा ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

रोजच्या कामात अडवणारे नियम थोडेच आहेत, पण ते पाठ हवेत. प्रसारणाची ताकद सहसा १०० वॅटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर उंच. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर केलेले, आणि शक्यतो स्थानिक बोलीत. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, राजकारणावर बोलायचं नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र मात्र जसंच्या तसं लावता येतं. जाहिरात ताशी १२ मिनिटांपर्यंत. २०२४ च्या सुधारित धोरणाआधी ती ७ मिनिटं होती. केंद्राच्या सल्लागार समितीत निम्म्या जागा महिलांच्या. आणि प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं.

या शेवटच्या नियमाला लोक उगाच घाबरतात. रोज बारा तासांचं प्रसारण ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साठवलं तर दिवसाला साधारण ३५० एमबी होतात, नव्वद दिवसांचे ३१ जीबी. ६४ जीबीच्या दोन पेन ड्राइव्ह पुरतात, एक केंद्रात आणि एक दुसऱ्याच्या घरी.

दुसरी पायरी : आवाज कुठवर जातो ते पायाखाली घालून बघा

कागदावर दहा किलोमीटरचं वर्तुळ काढणं सोपं आहे. एफएमचा आवाज जवळपास सरळ रेषेत जातो, आणि आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याची गावं त्या वर्तुळात असूनही टेकडीच्या सावलीत जातात. तापीकाठच्या सपाट पट्ट्यात तोच आवाज अपेक्षेपेक्षा लांब पोचतो.

एक साधा खिशातला रेडिओ घ्या आणि मोटरसायकलवर दोन दिवस फिरा. प्रत्येक गावात चौकात, घरात आणि मळ्यात ऐका. नकाशावर तीन रंग लावा : स्वच्छ, खरखर, बंद. आमच्या नकाशात सात गावं लाल निघाली, आणि त्यांच्याच नावाने आम्ही रोज नमस्कार घालत होतो.

आणखी एक अडचण फोनची. नव्या स्मार्टफोनपैकी बऱ्याच फोनमध्ये एफएम नसतं, आणि ज्यात असतं त्यात इअरफोनची वायर लावल्याशिवाय ते पकडत नाही, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. त्यामुळे चहाची टपरी, सलून, पिठाची गिरणी, केळी ग्रेडिंगची शेड अशा वीस-पंचवीस जागा निवडून तिथे रेडिओ सेट चालू राहील एवढं बघा. एका गिरणीतला सेट चाळीस घरांचं काम करतो. दळण टाकून बसलेल्या बायका ऐकतात आणि घरी जाऊन सांगतात.

तिसरी पायरी : गावाला रोज लागेल असं काय देता, ते ठरवा

परवाना यायची वाट बघत असाल तर आतापासून रेकॉर्डिंग करा, आणि दर आठवड्याला एका गावात स्पीकर लावून ते ऐकवा. लोक कुठे थांबतात आणि कुठे उठून जातात ते डोळ्यांनी दिसतं.

आमची चूक अशी होती की आम्ही मोठ्या रेडिओसारखं वाजायला बघत होतो. सकाळी सिनेमाची गाणी, मग आरोग्यावर भाषण, मग पुन्हा गाणी. ती गाणी लोकांच्या मोबाइलवर असतातच, शिवाय ती लावायची तर हक्कांचे पैसे भरावे लागतात. मग आम्ही एक वही केली आणि तीन आठवडे गावात फिरून एकच प्रश्न विचारला : कुठली गोष्ट कळायला उशीर झाला म्हणून नुकसान झालं?

वही भरली. शेतीपंपाची वीज या आठवड्यात रात्री आहे की दिवसा. रावेर-बऱ्हाणपूरला केळीचा आजचा भाव काय, आणि व्यापारी खरोखर किती देतो. कापसावर गुलाबी बोंडअळी कुठल्या शिवारात दिसली. रेशन दुकानात धान्य कधी उतरलं. दाखल्यासाठी तहसीलला कुठले कागद लागतात. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे किती उघडले. या शेवटच्या प्रश्नाला नदीकाठी फार वजन आहे. धरणाला ४१ दरवाजे. ते भराभर उघडले की तापीचं पाणी चढतं आणि काठावर बांधलेली गुरं, नदीतले पंप वाचवायला हातात थोडे तास असतात.

यातलं बरंच काही नियमाच्या भाषेत बातमी ठरत नाही. हवामान, पाणी-वीज, परीक्षा, रोजगार, स्थानिक प्रशासनाने दिलेल्या आपत्तीच्या आणि आरोग्याच्या सूचना यांना मुभा आहे. फक्त एक पथ्य पाळा : सूचना कुणी दिली, किती वाजता दिली, ते वहीत लिहा आणि हवेतही सांगा. "कुणीतरी म्हणालं" म्हणून कधीही काही हवेत सोडू नका. पुराच्या रात्री एक चुकीचा आकडा गेला तर पुढच्या वर्षी खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

ही माहिती पाच मिनिटांचीच असू द्या, पण रोज त्याच वेळेला. आमची वेळ सकाळी ६.४० आणि संध्याकाळी ७.१०. सकाळी बायका चुलीपाशी असतात आणि माणसं धारा काढून चहाला बसलेली असतात. मिनिटभरही इकडेतिकडे होऊ देऊ नका. सवय वेळेची लागते, कार्यक्रमाची नंतर.

आता बोलीचं. आपल्याकडे दर दहा-पंधरा किलोमीटरला बोलणं बदलतं. अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, यावल-चोपड्याकडे तडवी, वर धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली. निवेदकाने पुणेरी मराठीत "नमस्कार श्रोतेहो" म्हटलं की कान तिथेच बंद होतो. अहिराणी निवेदन म्हणजे विनोदी कार्यक्रम, असं समजणारी मंडळी आहेत. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. कीडनाशक फवारताना तोंडाला काय बांधायचं, बाळंतिणीला दवाखान्यात कधी न्यायचं, हे गंभीर बोलणं ज्या भाषेत घरात होतं त्याच भाषेत रेडिओवर व्हायला हवं. परिसरात पावरी घरं असतील तर पावरी बोलणारी मुलगी केंद्रात हवी. अनुवाद करून वाचणारा चालत नाही.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. श्रावणात कानबाई देवीची गाणी आम्ही एका ओसरीवर घेतली, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्याची गाणी लिंबाखाली घेतली. फोन चालतो, पण तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा तिरका धरा, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. केळीच्या बागेत पानांची सळसळ माइकला फार लागते. फोनवर सुती रुमालाची दुहेरी घडी घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. बोलणं सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट नुसती तिथली शांतता घ्या, जोडकाम करताना ती कामाला येते. घरात आवाज घुमत असेल तर दोन बाजूंना गोधड्या टांगा. आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर अजून चार गोधड्या आहेत आणि विकतच्या फोमपेक्षा त्या कमी नाहीत.

गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि "हे रेडिओवर लावलं तर चालेल" हे तिच्याच आवाजात त्याच फाइलमध्ये घ्या. उद्या ती रेकॉर्डिंग कुणी मागितली तर तिला विचारल्याशिवाय देऊ नका.

चौथी पायरी : पैसा पुष्कळ हातांतून यायला हवा

इथे थांबून वाचा, कारण बहुतेक केंद्रं इथेच घसरतात.

समजा महिन्याचा खर्च ४५,००० रुपये आहे. दोन पगारी माणसं २४,०००, फिरून रेकॉर्डिंग आणणाऱ्यांचं मानधन आणि पेट्रोल ८,०००, वीज ३,०००, इंटरनेट आणि फोन १,५००, किरकोळ ३,५००. आणि दुरुस्तीसाठी बाजूला ५,०००. ही शेवटची रक्कम पगार अडले तरी मोडायची नाही. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून सतरा दिवस गेले. त्यातले नऊ दिवस पैसे जमवण्यात गेले.

हे ४५,००० कुठून यायचे? माझा नियम असा की कुठल्याही एका बाजूने एक तृतीयांशापेक्षा जास्त येऊ नये. जो अर्ध्याहून अधिक देतो तो एक दिवस काय बोलायचं हेही सांगू लागतो. मालकी कागदावर संस्थेची असते, पण खरी मालकी ज्याच्या पैशावर दिवा जळतो त्याची.

वर्गणी. दिवसाला एक रुपया, वर्षाला ३६५. तीनशे घरं मिळाली तर वर्षाचे १,०९,५००, म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या पुढे. पाहिजे तेव्हा मागायला जाऊ नका. जूनमध्ये पैसा बियाण्याला आणि खताला गेलेला असतो. कापूस विकून हातात पैसा येतो तो दिवाळी ते संक्रांत; तेव्हा घरोघर जा. पावती तिथल्या तिथे द्या. आपल्या गावात कानबाईची किंवा सप्त्याची वर्गणी माइकवर नावानिशी वाचतात, तशीच रेडिओवर वाचा, आणि ३६५ देणाऱ्याचं व ५० देणाऱ्याचं नाव सारख्याच आवाजात.

दुकानदारांच्या जाहिराती. स्थानिक व्यवसाय, सेवा, कार्यक्रम, रोजगार यांच्या जाहिराती घेता येतात. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये आहे. त्या हिशेबाने ३० सेकंदांची जाहिरात दिवसात चारदा लावली तर ८८८ रुपये होतात. मोटार रिवाइंडिंगवाल्याला हे कधीच परवडणार नाही. त्याला महिन्याचा एकच आकडा सांगा, पाचशे ते हजारच्या मधला, आणि जाहिरात त्याच्याच आवाजात करा. गिऱ्हाईक दुकानात जाऊन "रेडिओवर तुमनाच आवाज व्हता ना?" म्हणतं, आणि पुढच्या महिन्याचे पैसे तो स्वतः आणून देतो. असे वीस जण सरासरी ७०० देणारे मिळाले की १४,००० झाले.

काही जाहिराती नाकारायच्याच आहेत. हमखास मूल होण्याचं औषध, पैसे दुप्पट करणारी योजना, भोंदू बाबा, बोगस बियाणं. निवडणुकीच्या हंगामात उमेदवाराकडून "शुभेच्छा" सुद्धा घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

सरकारी खाती आणि लोकहिताचे प्रायोजित कार्यक्रम. लसीकरण, माती परीक्षण, पोषण, मतदार नोंदणी अशा विषयांवर मालिका करता येतात. इथून महिन्याला बारा हजार धरता येतील. पण एका खात्याचं बिल आम्हाला आठ महिन्यांनी मिळालं. म्हणून या पैशावर पगार टांगू नका. आला की दुरुस्तीच्या किंवा नव्या यंत्राच्या खात्यात टाका, आणि त्या महिन्यात वर्गणी व जाहिरातीतून पगार भागतील एवढा खर्च आवरा.

उरलेलं स्टुडिओच्या भाड्यातून, शाळांना आवाजाचं प्रशिक्षण देऊन, आणि थोडं मूळ संस्थेकडून.

आणि हिशेब. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी जमा-खर्च रेडिओवर वाचा, पेट्रोलच्या १२० रुपयांसकट. आम्ही हे सुरू केलं तेव्हा समितीतले दोघं नाराज झाले, घरची भांडी चव्हाट्यावर का मांडता म्हणून. तिसऱ्या महिन्यात "दुरुस्ती निधीत या महिन्यात काहीच टाकता आलं नाही" असं वाचलं, तर दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला आलेल्यांनी तिथेच डबा फिरवून २,३०० रुपये पाठवले.

पाचवी पायरी : ऊन, धूळ, वीज

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. ट्रान्समीटरला पंखा असतो, तो आत धूळ ओढतो, धूळ उष्णता धरून ठेवते. मार्च ते जून दर शनिवारी जाळी काढून ब्रशने साफ करा. दुपारी १ ते ४ प्रसारण बंद ठेवलं तरी कुणाचं बिघडत नाही, यंत्राचं आयुष्य मात्र वाढतं.

ट्रान्समीटरवर परत येणारी ताकद दाखवणारा आकडा असतो. ५० वॅट पुढे जात असताना २ वॅटपेक्षा जास्त परत येऊ लागले तर अँटेनात किंवा केबलच्या जोडात काहीतरी बिघडलं आहे. बहुतेक वेळा जोडात पाणी शिरलेलं असतं. हा आकडा रोज सकाळी वहीत लिहा. आमच्याकडे तो महिनाभर चढत होता आणि कुणी बघत नव्हतं.

अर्थिंग उन्हाळ्याच्या शेवटी कोरडं पडतं, काळ्या मातीला भेगा पडतात. अक्षय्य तृतीयेनंतर खड्ड्यात पाणी घाला, अर्थिंग मीटरने तपासून घ्या, लाइटनिंग अरेस्टरची, म्हणजे पडलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या साधनाची, पट्टी कुठे तुटली आहे का बघा. आभाळ गडगडू लागलं की प्रसारण थांबवा, अँटेनाची केबल आणि विजेचा प्लग दोन्ही काढा. श्रोत्यांना आधी सांगा : "वीज चमकतेय, थोड्या वेळाने येतो." लोक समजून घेतात.

लोडशेडिंगसाठी साधा हिशेब. ट्रान्समीटर, मिक्सर आणि एक कॉम्प्युटर मिळून साधारण २५० वॅट घेतात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची, म्हणजे हाती ९०० वॅट-अवर. इन्व्हर्टरची गळती धरून तीन तास मिळतात. अशा दोन बॅटऱ्या आणि एक किलोवॅटचं सोलर असेल तर सकाळ आणि संध्याकाळचं प्रसारण लाइटवर अवलंबून राहत नाही. पुराच्या रात्री लाइट सगळ्यात आधी जाते आणि रेडिओ तेव्हाच सगळ्यात जास्त लागतो. म्हणून पहिल्या मोठ्या देणगीतून एसी घेऊ नका, बॅटरी घ्या.

सहावी पायरी : केंद्र एका माणसावर उभं ठेवू नका

सगळं येणारा एक पोरगा प्रत्येक केंद्रात असतो. मनोऱ्यावर तोच चढतो, एडिटिंग तोच करतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. मग त्याला पुण्याला किंवा सुरतेला नोकरी लागते, आणि लागायलाच हवी. त्याला अडवू नका, त्याच्या जाण्याची तयारी आजपासून करा.

केंद्र सुरू करण्याची कृती एका पानावर, चित्रांसह, मोठ्या अक्षरात लिहून ट्रान्समीटरच्या वर चिकटवा : कुठलं बटण आधी, कुठला आकडा किती दिसला पाहिजे, काय दिसलं तर हात लावायचा नाही. महिन्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी नेहमीची माणसं केंद्रात येणार नाहीत. बचतगटातल्या दोघी आणि कॉलेजातला एक जण, यांनी दिवसभर चालवायचं. पहिल्या वेळी आमच्याकडे वीस मिनिटं शांतता गेली आणि एक जाहिरात पाचदा लागली. तिसऱ्या वेळी ६.४० ची माहिती ठरल्या मिनिटाला सुटली.

पासवर्ड, परवान्याचे कागद, ट्रान्समीटरच्या हमीपत्राची प्रत आणि दुरुस्तीवाल्याचा फोन, हे एका पाकिटात घालून समितीतल्या बाईंकडे ठेवा. दाराच्या चाव्या तीन करा. एक निवेदकाकडे, एक समितीकडे, आणि तिसरी केंद्राच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या घरी. आमची तिसरी चावी त्याच आजींच्या सुनेकडे आहे. गेल्या पावसाळ्यात मध्यरात्री पाणी सोडल्याची सूचना आली तेव्हा दार तिनेच उघडलं.